नळजोडाचा पैसा टाकीपर्यंत पोचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिकेचे अंदाजपत्रक आले की चर्चा मिळकतकर वाढणार का आणि कोणत्या उड्डाणपुलाला किती कोटी, एवढ्यावरच संपते. जमेच्या बाजूला काही ओळी अशा असतात, ज्यांच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. नव्या इमारतीला पाणी आणि ड्रेनेज जोडून देताना एकदाच घेतलेले पैसे त्या ओळींत असतात : नळजोड शुल्क, मलवाहिनी जोड शुल्क, रस्ताखोदाईचे पैसे, अनामत आणि बांधकाम परवानगीबरोबरचे विकास शुल्क. भरतो बिल्डर, पण शेवटी निघतात ते सदनिकेच्या किमतीतून. हे पैसे कशावर खर्चावेत आणि कशावर मुळीच खर्चू नयेत, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

पुण्यापुरते बोलायचे तर ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली. उरुळी देवाची आणि फुरसुंगी नंतर बाहेर पडून त्यांची नगरपरिषद झाली. उरलेल्या गावांपैकी अनेक ठिकाणी बारा-पंधरा मजली इमारती आधी उभ्या राहिल्या. टाक्या आणि मलवाहिन्या त्यांच्या मागून धावत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी परिसरात जीबीएस (गिलाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. तेव्हा नांदेडच्या विहिरीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसते क्लोरिन मिसळून घरोघरी जात असल्याचे साऱ्या शहराला कळले. हजारो सदनिका वसल्या होत्या, त्यांच्या वाट्याचे शुद्धीकरण आणि साठवण उभी राहायची होती. एकदाच येणाऱ्या पैशाचे नेमके प्रयोजन काय, हे याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

पण आधी प्रतवारी. वरच्या सगळ्या रकमा एका जातीच्या नाहीत आणि निम्मा गोंधळ इथेच होतो.

अनामत ही ग्राहकाची ठेव. ती पालिकेचे उत्पन्न नाही, देणे आहे. ती खर्चायला काढणे म्हणजे शेजाऱ्याने सांभाळायला दिलेल्या दागिन्यांवर घरचे लग्न उरकणे. केंद्राच्या २००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा पुस्तिकेत ठेवींसाठी ३४० हे वेगळे लेखाशीर्ष (हिशोबाचे खाते) आहे, शुल्कासाठी १४० आणि राखून ठेवलेल्या निधीसाठी ३११. खिडकीवर चलन फाडतानाच तीन शीर्षांत रक्कम विभागली नाही, तर वर्षअखेरीस लेखापालाला ती वेगळी काढता येत नाही. मग सगळे मिळून ‘पाणीपुरवठा विभाग : इतर जमा’ होते.

रस्ताखोदाईचे पैसे म्हणजे त्या चराच्या दुरुस्तीची किंमत. पाइपाखाली साधारण १० सेंटिमीटर वाळूची गादी, पाइपाच्या बाजूने आणि वर बारीक मुरूम, त्यावर १५ ते २० सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थर पाणी मारून कुटलेला, मग खडीकरण आणि डांबर. असा भरलेला चर खचत नाही. प्रत्यक्षात उकरलेली मातीच ढेकळांसकट परत लोटतात आणि वरून डांबर ओततात. पहिल्या पावसात पाणी आत मुरते आणि जूनअखेर चर चार बोटे खचतो. पथ विभागाला खोदाईचे पैसे उशिरा किंवा तुटपुंजे मिळाले की हेच होते. म्हणून ही रक्कम त्याच चरावर, त्याच हंगामात खर्च झाली पाहिजे. ती शिलकीत दिसली, तर समजावे की कुठेतरी रस्ता अर्धवट राहिला आहे.

तिसरा भाग प्रत्यक्ष जोडणीचा : मुख्य वाहिनीला जोड बसवणारे सॅडल आणि फेरूल, स्टॉपकॉक, एमडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप, मीटर, चेंबर आणि मजुरी. यात नफाही नको, तोटाही नको. होतो तो खर्च घ्यावा आणि पावतीवर वेगळा दाखवावा.

उरतो चौथा भाग, तो म्हणजे क्षमतेचा वाटा. शहराने ठरवायचे आहे ते फक्त याच्याबद्दल. ग्राहक त्यातून काय विकत घेतो? धरणातल्या कोट्यात, शुद्धीकरण केंद्रात, मुख्य जलवाहिनीत, टाकीत आणि मैलापाणी प्रक्रिया केंद्रात आपल्यापुरती जागा.

ती जागा किती, हे सहज मोजता येते. २०० सदनिकांची सोसायटी घ्या. घरटी पाच माणसे धरली तर हजार माणसे. केंद्राच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेचे माणशी १३५ लिटर धरले तर रोजचे १ लाख ३५ हजार लिटर. वाटेतली गळती १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी असे तीच पुस्तिका सांगते. तेवढी धरून केंद्रातून सुमारे १ लाख ५९ हजार लिटर सोडावे लागते. टाकीत ढोबळमानाने दिवसाच्या पाण्याचा एक तृतीयांश साठा ठेवायचा, म्हणजे ५३ हजार लिटर. वापराच्या ८० टक्के मैलापाणी होते, म्हणजे १ लाख ८ हजार लिटर. अशा २५ सोसायट्या एका रस्त्यावर आल्या की रोज ४० लाख लिटर पाणी, सव्वातेरा लाख लिटरची टाकी आणि २७ लाख लिटर मैलापाण्याची प्रक्रिया लागते. या तीन कामांच्या चालू दरसूचीप्रमाणे निघालेल्या खर्चाला ५,००० सदनिकांनी भागले की सदनिकेमागचा वाटा निघतो. आजचे शुल्क त्याच्या जवळपास तरी आहे का, हे आधी तपासावे. शुल्क वाट्यापेक्षा कमी असेल, तर फरक जुन्या शहरातला करदाता भरतो. जास्त असेल, तर ते शुल्क राहत नाही, कर होतो. शुल्क आणि कर यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात सांगितला आहे. (हे शिरूर आपल्या घोडनदीकाठचे नव्हे, उडुपीकडचे.) पुढे न्यायालयांनी तो निकष बराच सैल केला, पण शुल्काच्या मोबदल्यात काही सेवा दिसली पाहिजे, हे मूळ सूत्र सुटलेले नाही.

आकारणीतली एक जुनी खोड इथेच सांगायला हवी. अनेक ठिकाणी नळजोडाचा दर इंचाच्या पटीत असतो. अर्ध्या इंचीला अमुक, दोन इंचीला त्याच्या चौपट. पण पाणी व्यासाच्या पटीत येत नाही. मीटरच्या भारतीय मानकात १५ मिलिमीटरच्या मीटरचा ठरावीक (नॉमिनल) प्रवाह ताशी १.५ घनमीटर आहे, २५ मिलिमीटरचा ३.५ आणि ५० मिलिमीटरचा १५. म्हणजे दोन इंची जोड अर्ध्या इंचीच्या दहापट पाणी ओढू शकतो. चौपट शुल्क भरून दहापट क्षमता घेणारे मॉल आणि हॉटेले आहेत आणि दहा घरांच्या चाळीत दहा वेगळे अर्ध्या इंची जोड घेणाराच जास्त भरतो. क्षमतेचा वाटा मीटरच्या प्रवाहाशी बांधला, की हे आपोआप सरळ होते.

पुनर्विकासाचेही तसेच. कोथरूड, सहकारनगरकडे २० बिऱ्हाडांची इमारत पाडून ६० सदनिका होतात. जुन्या वीस जणांनी वाटा कधीच दिलेला आहे. आकारणी वाढीव ४० वर व्हावी. पण तिथला जुना चार इंची पाइप त्या ४० ना पुरत नाही, तेव्हा वाढीव शुल्क माफ करण्याची मागणीही मान्य होऊ नये.

आता खर्च कशावर. आमच्या मते नियम एकच : या पैशातून क्षमता वाढली पाहिजे आणि ती जिथून पैसा आला त्या झोनमध्ये (पाणीवाटपाच्या विभागात), किंवा त्या झोनला पाणी देणाऱ्या साखळीत वाढली पाहिजे. समान पाणीपुरवठा योजनेसाठी शहराचे झोन पाडलेलेच आहेत, नवा नकाशा काढायची गरज नाही. पगार, टँकरची बिले, पंपांचे वीजबिल, तुरटी-क्लोरिन, व्हॉल्व्हची ग्लँड पॅकिंग ही सगळी रोजची कामे पाणीपट्टीतून व्हावीत. कारण नवे जोड बांधकाम व्यवसायाच्या तेजी-मंदीबरोबर वरखाली होतात, पगार होत नाहीत. तेजीच्या दोन वर्षांत जोडणीच्या पैशावर खर्चाचे कायमचे डोंगर उभे केले, की मंदीच्या वर्षी पाणीपुरवठ्याचे अंदाजपत्रक कोसळते. शिवाय पाणीपट्टी न वाढवण्याची सोय होते, ती वेगळीच. पुण्यात निवासी पाणीपट्टी अजून मीटरवर नाही, मिळकतकराबरोबर येते. त्यामुळे पाण्याचा खरा खर्च आधीच झाकलेला आहे. त्यावर एकरकमी पैशाचे आणखी एक पांघरूण नको.

कामांचा क्रम तर पैशापेक्षा महत्त्वाचा. टाकी उद्‌घाटनाला छान दिसते, म्हणून ती आधी बांधली जाते. तिला भरणारी वाहिनी रेल्वेच्या किंवा महामार्गाच्या परवानगीत अडकते आणि टाकी दोन-तीन वर्षे कोरडी उभी राहते. कोरड्या टाकीचे काँक्रीट तडकते, मग पाणी सोडताना ती झिरपते. मैलापाणी केंद्रांचे याहून वाईट. केंद्र बांधून होते, पण घरांपासून येणाऱ्या मलवाहिन्या नसतात. मग नाल्याचे पाणी वळवून केंद्र ‘चालू’ दाखवतात. पावसाळ्यात नाल्यात पाणी इतके पातळ होते की प्रक्रियेतले जिवाणू उपाशी मरतात. मुळा-मुठेसाठी जपानी कर्जातून २०१६ मध्ये ११ केंद्रे आणि रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता मंजूर झाली. तिथेही गावागावांतल्या वाहिन्या जोडल्या गेल्या तरच त्या क्षमतेला अर्थ आहे. म्हणून जोडणी शुल्काचा पैसा आधी नळीच्या सगळ्यात अरुंद जागी लावावा. एखाद्या झोनमध्ये पाणी आहे, टाकी आहे, पण टाकीपर्यंतची वाहिनी अपुरी असेल, तर पहिला रुपया वाहिनीलाच जावा, नव्या टाकीला नाही. अरुंद जागा कोणती, हे अभियंत्याच्या अंदाजावर न सोडता तीन ठिकाणी दाब मोजून ठरवावे : टाकीच्या तोंडाशी, झोनच्या मध्यावर आणि शेवटच्या घरी. टाकीशी दाब भरपूर आणि शेवटी शून्य, तर दोष वितरणात. टाकीच संध्याकाळी रिकामी होत असेल, तर दोष भरणाऱ्या वाहिनीत किंवा पंपात.

आणखी एक चूक हमखास होते. भांडवली काम मंजूर होते, चालवण्याचा खर्च कुणी विचारत नाही. वर सांगितलेले रोजचे ४० लाख लिटर पाणी ४० मीटर उंच चढवायचे आणि पंप-मोटरची एकत्रित कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर दिवसाला सुमारे ६२० युनिट वीज लागते, वर्षाला सव्वादोन लाखांवर. युनिटला ८ रुपये धरले तरी १८ लाख रुपये, तेही फक्त एका टप्प्याचे. हे कोणत्या शीर्षातून जाणार, ते कामाच्या प्रस्तावातच लिहिलेले हवे. नाहीतर दोन वर्षांनी तीन पंपांपैकी एकच फिरतो आणि आपण पुन्हा टँकर मोजतो.

जुन्या शहरातले वाचक विचारतील, आमच्या गंजलेल्या वाहिन्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. गळती थांबवणे हीसुद्धा क्षमताच आहे. ज्या झोनमधून रोज ४० लाख लिटर वाचेल, त्याने त्या २५ सोसायट्यांचे पाणी धरणातून एक थेंब जास्त न घेता दिले. तेव्हा जुनी वाहिनी बदलायला या निधीतून पैसे द्यावेत, पण मोजून. काम करण्याआधी आणि नंतर रात्री दोन ते चार या वेळेत झोनच्या मीटरवर प्रवाह घ्यावा. त्या वेळी बहुतेक नळ बंद असतात, म्हणून वाहते ते बहुतांश गळतीचेच. दोन आकड्यांतला फरक म्हणजे मिळवलेली क्षमता. हा फरक दाखवता येत नसेल, तर ती नेहमीची दुरुस्ती आहे, पाणीपट्टीतून करावी.

नियमपुस्तिकेत पंप, शुद्धीकरण केंद्र आणि टाक्यांचा आराखडा १५ वर्षांचा आणि वाहिन्यांचा ३० वर्षांचा धरला जातो. याचाही हिशोबाशी संबंध आहे. आज जोडणीच्या पैशातून बसवलेला पंप पंधरा वर्षांनी बदलावा लागेल, तेव्हा तो उद्याच्या जोडणीच्या पैशातून बदलायचा नाही. भाग भरला की तिथे नवे जोड येणे थांबते. बदलीची तरतूद घसाऱ्याच्या (वापराने होणाऱ्या झिजेच्या) रूपाने पाणीपट्टीत दरवर्षी बसली पाहिजे. वीज क्षेत्रात ही शिस्त आहे. ग्राहकाच्या पैशातून उभ्या केलेल्या वाहिनीवर वीज वितरण कंपनीला नफा किंवा घसारा दरात लावू दिला जात नाही, कारण ते पैसे ग्राहकाने आधीच दिलेले असतात. ग्राहकाच्या सुरक्षा ठेवीवर व्याजही मिळते. शहरातल्या नळाच्या पाण्याला विजेसारखा दर ठरवणारा नियामक नसल्याने ही शिस्त पालिकेला स्वतःच लावून घ्यावी लागेल.

कर्जाचे काय? क्षमता आधी उभी राहते आणि जोड नंतर येतात, त्यामुळे मध्ये कर्ज लागतेच. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे कर्जरोखे ७.५९ टक्के व्याजाने, दहा वर्षांच्या मुदतीचे काढले. अशा कर्जाचे मुद्दल जोडणी शुल्कातून फेडणे आम्हाला योग्य वाटते. तो पैसा ज्या कामासाठी आहे त्याच कामाला गेलेला असतो. लहान शहरांत तर याचा सर्वांत चांगला उपयोग केंद्राच्या योजनांतला स्वतःचा हिस्सा भरायला होतो. अमृत २.० या शहरी पाणी योजनेत केंद्राचा वाटा १० लाखांवरच्या शहरांना २५ टक्के, १ ते १० लाखांच्या शहरांना एक तृतीयांश आणि १ लाखाखाली ५० टक्के असा ठरला. हिस्सा भरायला पैसा नाही म्हणून काम रखडते, अशा वेळी जोडणी निधी तयार असणे मोलाचे.

मात्र निधी साठवून ठेवणे हेही उत्तर नव्हे. मुदत ठेवीच्या व्याजापेक्षा लोखंडी पाइप आणि काँक्रीटचे भाव वेगाने वाढले, तर पाच वर्षांत त्याच पैशात कमी काम होते. कॅलिफोर्नियात जोडणी शुल्क स्वतंत्र खात्यात ठेवून त्याचा जमाखर्च आर्थिक वर्ष संपल्यापासून १८० दिवसांत जाहीर करावा लागतो, असा कायदा आहे. आपल्याकडेही विकास शुल्काचा वेगळा निधी ठेवण्याची तरतूद १९६६ च्या नगररचना कायद्यात घातलेली आहे आणि मुंबईत पाणी-मलनिस्सारणाचा अर्थसंकल्प ‘ग’ म्हणून वेगळा मांडण्याची जुनी पद्धत आहे. म्हणजे कल्पना परकी नाही. अडते ते जानेवारीनंतर. टाकीसाठी ठेवलेली तरतूद ‘या वर्षी खर्च होणार नाही’ म्हणून वर्गीकरणाने पेव्हिंग ब्लॉक, कमानी आणि विद्युत रोषणाईकडे वळवता येते आणि मार्चअखेर ती मुख्य सभेत आवाजी मतदानाने मंजूरही होते. जोडणी निधीतून वर्गीकरण करता येणार नाही, असा एका ओळीचा ठराव मुख्य सभेने करावा आणि लांबणाऱ्या कामांची तरतूद ‘७२ ब’ या अनेक वर्षे चालणाऱ्या कामांच्या तरतुदीखाली पुढच्या वर्षांत बांधून ठेवावी. स-यादीची (नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली) कामे तर या निधीच्या वाटेलाही जाऊ नयेत.

अनधिकृत नळजोड नियमित करण्याच्या अभय योजनांबद्दलही एक शब्द. दंड माफ करा, हरकत नाही. क्षमतेचा वाटा माफ करू नका. तो माफ केला, की पावती फाडून जोड घेणारा मूर्ख ठरतो आणि पुढच्या योजनेपर्यंत रात्री फेरूल मारून घेणारे वाढतात.

येत्या अंदाजपत्रकाबरोबर मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांनी एकच जादा तक्ता जोडावा, एवढी आमची मागणी आहे. उभ्या रकान्यांत झोननिहाय जमा झालेला क्षमतेचा वाटा, आरंभीची शिल्लक, या वर्षी हाती घेतलेले काम, त्यातून रोज किती लिटर क्षमता वाढणार, आणि ते काम चालवायला दरवर्षी लागणारी रक्कम कोणत्या शीर्षातून येणार. अनामत आणि खोदाईचे पैसे त्या तक्त्यात येऊ नयेत. त्यांचा स्वतंत्र ताळेबंद मलपृष्ठावर द्यावा. नांदेड-किरकटवाडीच्या झोनची ओळ सर्वांत वर असावी.

आपले,
पाणीपुरवठा आणि पालिका लेखाविषयक कामातील काही वाचक, पुणे